परसदारची मैना

पनवेल, १४ जुलै १९५७

प्रिय रंभा,

तुझं कार्ड पोचलं. सख्खी मामेबहीण असून चार ओळी, आणि खाली 'सविस्तर सवडीने'. त्या साप्ताहिकात नोकरीला लागल्यापासून तुला सवड म्हणून उरली नाही. मी मात्र आज जेवणं उरकून मुद्दाम बसले आहे.

फ्ल्यूची साथ आमच्या आळीत येऊन गेली. आधी सासूबाईंनी अंथरूण धरलं, मग ह्यांनी. मला ताप आला तो कोणाच्या लक्षातच आला नाही, कारण त्या दिवशीही चहा वेळेवर झाला होता. मामलेदार कचेरीतली निम्मी माणसं आजारी, म्हणून हे आठ दिवस घरी बसून मला वर्तमानपत्रातली साथ वाचून दाखवत होते आणि मी काढा उकळत होते. कुठल्या देशात किती लाख आडवे झाले ते मला तोंडपाठ झालं, पण आपल्या घरातला गवती चहा संपलाय हे काही ह्यांच्या कानात शिरलं नाही.

विहिरीच्या रहाटाला चैत्रापासून तेल घालायचं आहे. रोज सकाळी तो असा कुरकुरतो की शेजारी उठतात. मी म्हटलं, अहो, तेवढं तेल. तर म्हणाले, पावसात लाकूड फुगेल आणि आवाज आपोआप थांबेल. पाऊस पडला, लाकूड फुगलं, आवाज थांबला. आता रहाटही फिरत नाही.

हे सगळं तुझ्याशिवाय सांगू कोणाला? उत्तर पाठव, आणि कार्डावर नको.

तुझी
वेणू

पुणे, २३ जुलै १९५७

प्रिय वेणू,

पत्र कचेरीच्या पत्त्यावर आलं आणि मी मुद्रितं तपासायची सोडून तेच वाचत बसले. रहाटापाशी इतकं हसू आलं की संपादकांनी चष्म्यावरून पाहिलं. तू लिहीत जा. घरातलं, दारातलं, पेपरात वाचलेलं, जे मनात येईल ते. फक्त कागदाच्या एकाच बाजूला लिही आणि समास सोड, माझे डोळे हल्ली दुखतात. पाकिटं तिकिटं लावून सोबत पाठवली आहेत.

माझं काय सांगू? खोली, कचेरी आणि परत खोली. स्टोव्ह पेटवला की त्याचाच काय तो आवाज. तुझ्याकडे निदान कुरकुरायला माणसं आहेत.

तुझी
रंभा

पनवेल, ८ सप्टेंबर १९५७

प्रिय रंभा,

दर आठवड्याला पत्र टाकतेच आहे, पण आज एक काम आहे, आणि ते माझं नव्हे, ह्यांचं आहे. तुमच्या 'सांजसोबत'ची वर्गणी ह्यांनी भरली. मला वाटलं, मेहुणी तिथे आहे म्हणून भरली असेल. कसलं काय. कचेरीत कोणाच्या तरी टेबलावर अंक पाहिला, त्यात 'परसदारी' नावाचं सदर होतं, आणि ते लिहिणाऱ्या कोणा 'मैना'ने ह्यांना वेड लावलं.

आता दर रविवारी सासूबाईंना समोर बसवून हे ते सदर मोठ्याने वाचतात. पहिल्या रविवारी मी दारात ऐकायला उभी राहिले होते. पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि आत निघून आले. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्या एका बोलण्यावर हा माणूस असा हसलेला नाही. तेव्हापासून अंक उघडला की मी भांड्यांचा आवाज करते.

काल म्हणाले, "मैनाबाईंनी फ्ल्यूवर काय फर्मास लिहिलंय." मी म्हटलं, "फ्ल्यूवर मीही रंभाला पानभर लिहिलं होतं." तर म्हणाले, "तसं नव्हे गं. त्याला दृष्टी लागते." ज्या घरात फ्ल्यू झाला त्या घरातलीला दृष्टी नाही, आणि ह्या बाईला आहे.

तर ह्यांचा निरोप असा, की तुझी रंभा त्याच कचेरीत आहे, तिला विचार, या बाई कोण आणि कुठल्या. तो मी पोचवला. आता माझं विचारणं वेगळं आहे. वय काय? गोरी आहे का? नवरा आहे का, आणि असला तर त्याला हे चालतं का? उत्तर वेगळ्या कागदावर दे, म्हणजे ह्यांना वाचून दाखवायचा कागद निराळा राहील.

तुझी
वेणू

पुणे, १८ सप्टेंबर १९५७

प्रिय वेणू,

विचारलंस म्हणून सांगते. मैना कचेरीत येत नाही, तिचा मजकूर टपालाने येतो. वयाने आपल्या बरोबरीची असावी. नवरा आहे. रंगाने तुझ्याहून उजळ खासच नसेल. मानधन मिळत नाही, हे तुझ्या समाधानासाठी. नाव सांगायची परवानगी नाही, तेवढं मेव्हण्यांना कळव.

तिच्याविषयी मनात काही धरू नकोस. आणि माझ्यावर रागावून लिहायचं थांबवू नकोस. ती भामा कोळीण अजून येते का गं करंजा बंदराहून सुके सोडे घेऊन? ती काय बोलते ते जसंच्या तसं लिही.

तुझी
रंभा

पनवेल, १६ नोव्हेंबर १९५७

प्रिय रंभा,

मधल्या पत्रांत लिहायचं राहिलं, भामा येते. परवा पायरीवर बसून सोडे मोजत होती आणि आतून ह्यांचं वाचन चाललं होतं. ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "बाय, तुमचा मालक कागदाशी बोलतो काय? तुमाशी बोलताना मी कदी ऐकला नाय." मी म्हटलं, मुकाट्याने सोडे मोज. पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

पेपरात वाचलंस ना, रशियाने आभाळात कुत्रं पाठवलं. हे तीन दिवस त्याच्याशिवाय दुसरं बोलत नव्हते. मी विचारलं, कुत्रा की कुत्री? म्हणाले, कुत्री. परत कधी येणार? म्हणाले, परत आणायची सोय नाही. मग बरोबर आहे. जिथे परत आणायची सोय नसते तिथे पाठवायला बाईमाणूसच शोधतात. माझीही पाठवणी अशीच झाली, फक्त वर्तमानपत्रात आली नाही. ती बिचारी वर गेल्यावर तिला खायला कोण घालतं, एवढंच मला विचारायचं होतं, पण तोवर ह्यांनी पान उलटलं होतं.

आता खरं सांगते. ती मैना मला घरात नकोशी झाली आहे. आमटीत मीठ जास्त झालं तर हे म्हणतात, यावर मैनाबाईंनी दोन ओळी झकास लिहिल्या असत्या. सासूबाईंनी तर कमाल केली. अकरा वर्षं मी त्यांचे पाय चेपते, आणि परवा त्या म्हणाल्या, "सून असावी तर अशी बोलकी." मी अंक आले की फळीवर अंथरते. कडा कातरून नक्षी काढते आणि तिचं पान शोधून पालथं घालते, वर तेलाची बरणी ठेवते. इतर कोणाला हे सांगायची लाज वाटेल.

गेल्या गुरुवारी मीही बोलकी होऊन पाहिलं. निळं पातळ नेसले, जेवायला वाढताना कुत्रीचा विषय काढला, दोन गमतीची वाक्यं मनात जुळवून ठेवली होती ती म्हटली. हे म्हणाले, "अंगात कणकण आहे का तुझ्या?" आणि सासूबाईंनी हात लावून पाहिलं.

काल म्हणाले, त्या बाईचा नवरा नशीबवान. मी परसात जाऊन रडले, रंभा. असली कोण आहे ती, की जिने न येता माझं घर घेतलं?

तुझी
वेणू

पुणे, २५ नोव्हेंबर १९५७

प्रिय वेणू,

तुझं पत्र माझ्याने दुसऱ्यांदा वाचवलं नाही. तिला एवढं मोठं करू नकोस. तुला एक सांगायचं आहे, पण कागदावर धीर होत नाही. नाताळच्या सुट्टीत पनवेलला आले तर सांगेन.

कुत्रीचं फार चांगलं लिहिलंस.

रंभा

पनवेल, १५ डिसेंबर १९५७

रंभा,

आज रविवार. बिरढ्याचे वाल सोलत बसले होते. भिजलेले वाल, मांडीवर ताट, दोन्ही हात बरबटलेले, म्हणून उठून जाता आलं नाही. हे समोरच वाचायला बसले. "जिथे परत आणायची सोय नसते तिथे पाठवायला बाईमाणूसच शोधतात." सासूबाई हसल्या. हे हसले. पुढचं वाक्य ह्यांनी वाचायच्या आधी मी मनात म्हटलं, आणि ह्यांनी तेच वाचलं.

फळीवरचे सगळे अंक काढले. तेलाने पारदर्शक झालेली पानं उजेडाला धरून वाचली. फ्ल्यू आहे, रहाट आहे, भामा आहे. पनवेलचं 'आमचं गाव' केलंस आणि मामलेदार कचेरीची शाळा केलीस. ह्यांना त्यात आपलं घर दिसलं नाही, याचं तर मला नवलही वाटत नाही.

तू मला लिहिलंस, रंगाने ती तुझ्याहून उजळ नसेल. लिहिताना हसलीस का? माझ्याच पत्रांनी माझा नवरा पळवलास आणि वर मी रडले तेही तुलाच लिहिलं.

इथे येऊ नकोस.

वेणू

पुणे, २१ डिसेंबर १९५७

वेणू,

हसले नाही. माझी तक्रार नाही, तू लिहिलंस ते खरं आहे.

तुझं जुलैचं पत्र माझ्या टेबलावर मजकुराच्या गठ्ठ्याशेजारी होतं. त्या आठवड्यात एक पान रिकामं राहत होतं. आमच्या छापखान्याचे फोरमन बुधाजी गठ्ठा उचलताना रहाटाचे कागदही घेऊन गेले आणि कंपोझिटरने त्याचे खिळे जुळवून टाकले. संपादकांनी वाचलं, मोठ्याने हसले आणि विचारलं, कोणाचं? मी तोंड उघडलं ते 'वेणूचं' म्हणायला, आणि बाहेर आलं 'माझं'. मग ते मागे घेता आलं नाही. मग घ्यावंसंही वाटेना.

तुला ठाऊक आहे, लिहायचं मला होतं. शाळेत निबंधाचं बक्षीस मला मिळालं, तेव्हा तुला गालगुंडं झाली होती आणि तू परीक्षेला बसली नव्हतीस. ते मी कधी विसरले नाही. गेल्या चार वर्षांत मी पाच कथा दिल्या, पाचही परत आल्या. आणि तू, दुपारी आवराआवर झाल्यावर, एका बैठकीत. मला तुझा हेवा वाटतो, वेणू. तुझ्या घराचा नाही, त्या लिहिण्याचा. दर आठवड्याला वाचकांची पत्रं येत, ती मी खोलीवर नेऊन माझीच म्हणून वाचत असे.

त्यातलं एक सोबत पाठवते. ते महिन्यापूर्वीच आलं. अक्षर तू ओळखशील. ते माझ्याकडे ठेवायचा मला अधिकार नाही.

रंभा

पनवेल, १९ जानेवारी १९५८

रंभा,

महिना झाला, ते पत्र मी डाळीच्या डब्यात ठेवलं आहे आणि रोज काढून वाचते. तूही वाचलंच असशील, तरी उतरवते.

"मान्यवर भगिनी मैनाबाई यांस, दिनानाथ टिपणीस यांचा सादर नमस्कार. आपले लिखाण आम्ही सहकुटुंब वाचतो. आपले यजमान आपले मोल जाणत नसावेत, असे वाटते. रहाटास तेल घालावयास माणसास असा किती वेळ लागतो? माझी पत्नी सुशील व कष्टाळू आहे, परंतु तिच्यापाशी बोलण्यासारखे काही नसते. सायंकाळी घरी आल्यावर मी वर्तमानपत्र उघडतो ते बातम्यांसाठी नव्हे. घरात फार शांतता असते म्हणून. आपणासारखे कोणी घरात बोलणारे असते, तर कचेरीतून परतताना पाय लवकर उचलले असते."

रहाटापाशी मी हसले. पुढे हसू आलं नाही. ह्यांनाही एकटं वाटतं, हे अकरा वर्षांत मला कळलं नव्हतं. मैनेला न विचारता कळलं. बाळंतपणाला माहेरी गेले होते तेव्हा ह्यांचं एक कार्ड आलं होतं, 'कपाटाची किल्ली कोठे आहे'. मूल गेलं तेव्हा तेवढंही आलं नाही. आणि तिला दोन पानं.

ती मीच, हे कळल्यावर तरी जळणं थांबायला हवं होतं. थांबलं नाही. आधी निदान म्हणता यायचं, ती गोरी असेल, शिकलेली असेल, तिला घरकाम नसेल. आता तेही म्हणता येत नाही. दोष तुझा आहेच, पण थोडा माझाही आहे. ह्यांना सांगायचं ते सगळं मी पाकिटात घालून तुला पाठवत होते आणि ह्यांच्या ताटात नुसता भात वाढत होते.

मागच्या रविवारी अंक आल्यावर मी सरळ सांगितलं, "ती मैना म्हणजे मी." हे हसले. रागाने नव्हे, अगदी मायेने हसले. म्हणाले, "अगं, तुला तिचं वाईट वाटतं ते मला दिसतंय. पण म्हणून असं बोलू नये." सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागेल हो त्या बाईला."

ते पत्र ह्यांच्यापुढे टाकलं असतं तर तिथेच तोंड बंद झालं असतं. पण मला ह्यांना पुराव्याने गप्प करायचं नाही. माझ्या शब्दावर विश्वास बसायला हवा होता, तो बसला नाही. ते आता माझ्या दुसऱ्या शब्दांनीच होईल.

सोबत लेख आहे. एका बाईला मासिक-साप्ताहिकातल्या बाईचा हेवा वाटतो, त्याची हकिकत. ह्यांचं पत्र मी त्यात घातलेलं नाही. रहाट आहे, निळं पातळ आहे, तेलाची बरणी आहे. या खेपेला 'आमचं गाव' नको, पनवेल लिही. शाळा नको, मामलेदार कचेरी. आणि खाली मैना नको. सौ. वेणू दिनानाथ टिपणीस. एक अक्षर बदललंस तर तुझं माझं नातं संपलं. ह्यांनीच ते मोठ्याने वाचायला हवं, शेवटच्या ओळीपर्यंत.

वेणू

पुणे, १२ फेब्रुवारी १९५८

वेणू,

संपादकांना खरं सांगितलं. नोकरी राहिली आहे, टेबल मात्र खिडकीपासून हलवलं. लेख २२ तारखेच्या अंकात जातो आहे. मुद्रित मीच तपासलं. एकही अक्षर बदललेलं नाही, नावातलंही नाही.

रंभा

पनवेल, २७ फेब्रुवारी १९५८

प्रिय रंभा,

रविवारी मी मुद्दाम वाल भिजवले नव्हते. हात पुसून समोर बसले. ह्यांना नवल वाटलं, पण वाचायला लागले. पहिल्या दोन परिच्छेदांना खूप हसले. तिसऱ्यात पनवेल आलं तिथे थोडे थांबले, चष्मा पुसला आणि पुढे गेले. निळ्या पातळापाशी आवाज उतरला. तरी थांबले नाहीत. तो नवरा म्हणतो ना, 'अंगात कणकण आहे का', ते वाक्य त्यांनी इतकं हळू वाचलं की सासूबाईंनी ऐकायला कानामागे हात धरला. मग खालचं नाव वाचलं. सबंध वाचलं, स्वतःच्या नावासकट.

सासूबाईंनी विचारलं, "कोण रे ही?" हे म्हणाले, "आई, आपली वेणू." तेवढंच. अंक घडी करून ठेवला आणि उठून बाहेर गेले. जेवायला आले ते मान खाली घालून जेवले. सोमवारी बोलले नाहीत. मंगळवारी बोलले नाहीत. वर्तमानपत्रही उघडलं नाही. घरात सासूबाईंची जपमाळ सोडली तर आवाज नव्हता. मला वाटलं, मैना होती तेव्हा निदान हसत तरी होते. नाव छापून मी तिलाही घालवली आणि ह्यांनाही. दोन दिवस मला तिची आठवण येत होती, हे तुला खरं वाटेल का?

काल दुपारी पोस्टमन आला. पाकिटावर पनवेलचाच शिक्का, आणि ह्यांचं अक्षर. 'सौ. वेणू दिनानाथ टिपणीस यांस'. कचेरीतून पोस्टात जाऊन टाकलं असणार. घर पोस्टाहून जवळ आहे. सासूबाई विचारत होत्या, गावातल्या गावात पत्र कोण टाकतं. मी परसात जाऊन पाकीट फोडलं.

सहा पानं आहेत. मी मोजली, आधी मैनेच्या दोन पानांशी ताडून पाहण्यासाठी मोजली आणि मग वाचली. काल संध्याकाळी हे रोजच्यापेक्षा लवकर घरी आले. आम्ही बोललो. सासूबाई निजल्या तरी बोलत होतो.

पुढचा लेख सोबत आहे, सासूबाईंच्या जपमाळेवर आहे. तू माझ्याशी वागलीस ते मी विसरलेले नाही, पण मुद्रित तूच तपास, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. आणि सहावी कथा लिहिलीस तर आधी मला पाठव, संपादकांना नको.

ह्यांच्या पत्रात काय आहे ते तू उलट टपाली विचारशील. नाही सांगणार. आजवर माझ्या घरातलं सगळं तुझ्या कचेरीत गेलं, हे जाणार नाही. एक ओळही नाही, रंभा. तुला हेवा वाटत असेल तर खुशाल वाटू दे.

तुझी
वेणू